काकींच्या नावाचं खोकं

मोबाईलची फुटलेली काच उचलायला आमच्याकडे गरम हवेचं यंत्र असतं. कडेकडेनं हवा फिरवली की खालचा गोंद मऊ होतो आणि काच अख्खी हातात येते. कर्जतच्या बाजारात मी ज्या दुकानात नोकरीला आहे तिथं हे काम माझ्याकडे असतं, आणि माझा हात हलका आहे असं गिऱ्हाइकंही म्हणतात. त्याच हलक्या हातानं मी एकदा एका खोक्यावरची कागदी पट्टी सोडवून काढली. पट्टीवर एका बाईचं नाव होतं. ती बाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि ती होती तोवर दोन वर्षं मला रोज जेवायला वाढत होती.

हे मी आईलाही फोनवर सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पोरगं लांब आहे पण नीट वागतंय.

मी मराठवाड्याचा. नववीला दोनदा बसलो. तिसऱ्यांदा त्याच बाकावर बसायची लाज वाटली, म्हणून गावातल्या एकाच्या ओळखीनं कर्जतजवळच्या चौक गावी, जुन्या हायवेवरच्या ढाब्यावर आलो. ढाब्याला लागून एक गाळा होता. त्यात चार टीव्ही लावून कुणीतरी गेमचं पार्लर काढलं होतं, आणि मोहोपाड्याच्या कॉलनीतली पोरं सायकली हाणत तिथं तासावर खेळायला यायची. पोरं खेळताना रिमोट असे दाबायची की आठवड्याला एक मोडायचा. ते मोडके रिमोट मी दुपारच्या सुट्टीत उघडून बसायचो, आणि बहुतेक परत चालू व्हायचे. असं का होतं ते मला सांगता यायचं नाही. आत बघितलं की कळायचं, एवढंच. आमचे शेठ, म्हणजे आताच्या दुकानाचे मालक, एकदा त्या पार्लरमधून जुना माल घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला ते करताना पाहिलं. म्हणाले, "शाळा किती?" मी म्हणालो, "नववी." "पास?" मी रिमोटचा स्क्रू पिळत राहिलो. ते म्हणाले, "राहू दे. मंगळवारी कर्जतला ये."

दाखला मागितला नाही, जामीन मागितला नाही. पुढं मला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यातही त्यांनीच नेलं. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे आहे ते वाचून कुणी शेठना नावं ठेवील. पट्टी त्यांनी काढायला सांगितली हे खरं. काढली मी.

राहायला त्यांनीच खोली बघून दिली होती, कर्जतपासून सायकलनं वीस मिनिटांवरच्या गावात, एका भात-शेतकऱ्याच्या घरामागं. घरात काका आणि काकी दोघंच. मुलगी खालापूरकडे दिलेली, ती सणाला यायची. मी पहिल्या आठवड्यात वडापाव खाऊन झोपायचो. काकींनी ते कागद कचऱ्यात पाहिले आणि सातव्या का आठव्या दिवशी मागच्या दारातून हाक मारली, "ए पोरा, रोज रोज ते खातोस, पोटात नुसतं तळण जातंय. ये हिकडं." मी म्हणालो, "नको काकी, उगीच तुम्हाला..." त्या म्हणाल्या, "उगीच काय त्यात? तांदूळ आमच्या घरचा हाय. लाजतोस काय, बायको करून आणलंय काय तुला?" काका ओसरीवर मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्या पंगतीला बसू लागलो. महिन्याला काय द्यायचं ते मी विचारलं की त्या कानावर हात ठेवायच्या.

आमच्या दुकानात मोबाईलबरोबर गेमचा माल असतो, नवा आणि जुनाही. कर्जतच्या आसपास फार्महाऊस झालीत. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, आणि पाऊस असला की त्यांची पोरं आत बसून कंटाळतात, म्हणून फार्महाऊसवाले कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, ठेवतात. जुना कन्सोल विकत घेतला की तो दोन दिवस चालवून बघावा लागतो. दुकानात तेवढा टीव्ही मोकळा नसायचा, म्हणून मी तो घरी आणायचो आणि काकांच्या टीव्हीला लावायचो.

काकींना पहिल्यांदा त्याचा राग यायचा, मालिका बुडायची. मग एक दिवस म्हणाल्या, "दे ते खेकडं हिकडं." रिमोटला त्या खेकडं म्हणायच्या. दोन बाजूंना दोन नांग्या आणि मध्ये पाठ. एकदा म्हटल्यावर मलाही ते दुसरं काही दिसेना. मी त्यांना गाड्यांचा गेम लावून दिला. शर्यत होती, पण त्या शर्यतीत कधी धावल्याच नाहीत. गाडी रस्त्यावरून उतरवायच्या आणि शेतात नेऊन उभी करायच्या. "बघ, ह्यांच्याकडंबी लावणी झालेली दिसतंय." मी सांगायचो, "काकी, गाडी पळवायची असते, बाकीचे पुढं गेले." "जाऊ दे की. त्यांना घाई हाय, मला नाय." काका मागून म्हणायचे, "घरात बैल वळवता आला नाय कधी, निघाली मोटार हाकायला." त्यावर त्या गाडी तलावात घालायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. आजार दोन महिन्यांचा. शेवटी शेवटी त्यांना टीव्हीचा उजेडही सोसत नव्हता.

आता इकडची एक रीत सांगायला हवी. भात कापून झालं की शेतं मोकळी होतात. धसकटं खणून, माती चोपून, शेणानं सारवून पोरं खेळपट्टी करतात आणि गावोगाव टेनिस बॉलच्या क्रिकेटस्पर्धा लागतात. बक्षिसं एकेका माणसानं दिलेली असतात आणि बहुतेक बक्षिसामागं कुणीतरी गेलेलं माणूस असतं. अमक्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ कूलर, तमक्याच्या भावाच्या स्मरणार्थ सायकल. दोन षटकांच्या मध्ये समालोचक माईकवरून हे वाचत राहतो: वस्तू, तिची किंमत, देणाऱ्याचं नाव, गेलेल्याचं नाव. तीन दिवस ती नावं भोंग्यावरून गावावर फिरत असतात.

काका एक दिवस दुकानात आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "तो गेमचा डबा, नवाकोरा, एक दे. मालिकावीराला द्यायचा हाय, आमच्या गावच्या स्पर्धेत."

मी म्हणालो, "काका, महाग आहे. कूलर द्या, मिक्सर द्या."

"कूलर सगळेच देतात. तिला ह्याच्यावर हसताना पाहिलंय मी." मग म्हणाले, "तुला सांगू? तिचं नाव उभ्या जन्मात कुणी मोठ्यानं घेतलं नाय. माहेरी कुणाची तरी पोर, हिकडं आली तर माझी बायको, नंतर पोरीची आय. मीबी 'अगं' म्हणायचो. तीन दिवस माईकवर घेऊ दे की एकदा तिचं नाव."

बिल मी लिहिलं. बिलावर खोक्याचा नंबर टाकायचा रकाना असतो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शेठ बघत होते, म्हणून तो रकाना मी तसाच सोडला. म्हटलं, न्यायच्या दिवशी टाकू. पट्टी समोरच्या छपाईवाल्याकडून करून आणली. पांढऱ्यावर लाल अक्षरं, वर काकींचं पूर्ण नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', त्याखाली काकांचं नाव बारीक. काका म्हणाले, माझं आणखी बारीक चाललं असतं. पट्टी खोक्यावर मीच लावली, एकही बुडबुडा राहू दिला नाही.

खोकं घरी नेलं तर शेजारी राहणाऱ्या पुतण्यांची पोरं उघडतील, म्हणून काकांनी ते स्पर्धेपर्यंत दुकानातच ठेवलं. शेठनी ते काचेच्या कपाटात, रस्त्याकडं तोंड करून ठेवायला लावलं. त्यांना जाहिरात झाली. काकांना दुसरंच मिळालं. ते दोन दिवसाआड कर्जतला काही ना काही काम काढून यायचे, दुकानासमोर उभे राहायचे, पट्टी वाचायचे आणि आत न येताच जायचे. मी आतून बघायचो. वाचायला त्यांना वेळ लागायचा.

स्पर्धेला चार दिवस होते तेव्हा कंपनीनं किंमत उतरवली. नवं मॉडेल येणार, म्हणून हे पाच हजारांनी खाली. सकाळी वितरकाचा मेसेज आला आणि दहा वाजेपर्यंत पोरांच्या मोबाईलवर बातमी गावभर. एवढ्याशा बाजारात असं काही झालं की काय होतं ते तेव्हा मी पाहिलं. मोहोपाड्याचा एक कामगार आठच दिवसांपूर्वी नवीन घेऊन गेला होता, तो खोकं बगलेत मारून आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "तुमाला माहीत व्हतं, म्हणून मला गळ्यात बांधलंत!" माहीत नव्हतं, पण त्याला कोण सांगणार. आमच्या जुन्या मालाच्या फळीवर जे सहा कन्सोल होते ते त्या दिवशी जवळजवळ कवडीमोल झाले, कारण थोडेच जास्त घालून नवा मिळत असताना जुना कोण घेतो. चौकच्या पार्लरवाल्याचा फोन आला, त्याला दोन विकायचे होते, शेठनी ऐकूनच ठेवून दिला. आणि दुसऱ्या बाजूनं जे इतके दिवस नुसते काचेतून बघून जायचे ते आत येऊ लागले. दोन फार्महाऊसवाले एकाच दुपारी चार खोकी घेऊन गेले. शेठ एका कानानं शिव्या ऐकत होते आणि दुसऱ्या हातानं बिलं फाडत होते.

किंमत उतरली की दुकानदाराकडे जेवढी न विकलेली खोकी पडून असतात, त्यांच्यावरचा फरक कंपनी भरून देते. त्यासाठी वितरकाचा माणूस येतो, खोकी मोजतो, प्रत्येकाचा नंबर मोबाईलवर घेतो. तो दुसऱ्या दिवशी अकराला येणार होता. साडेदहाला शेठ म्हणाले, "ते काचेतलं पण खाली घे. त्याची चिठ्ठी काढ."

मी म्हणालो, "शेठ, ते काकांचं आहे."

"मला माहीत नाही का? पण आहे दुकानात. नंबर बिलावर आहे का?"

"राहिलाय."

"मग झालं तर. विकलंय हे त्याला कळणार कसं? मोजून गेला की परत लाव चिठ्ठी. तुझ्या काकांचं काय जातंय त्यात?"

मी एवढंच म्हणू शकलो, "मग तो फरक काकांना..."

"बिल झालेल्या मालाला फरक नसतो," ते म्हणाले. ओरडून नाही, समजावल्यासारखं. "काल त्या मोहोपाडेकराला दिला का? जुन्या मालात किती फटका बसला आपल्याला, तू बघितलंस ना? तुझा पगार कुठून येतो?"

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. दवाखाना आठवला, ढाबा आठवला, नववीचा बाक आठवला. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मी नंतर पुष्कळदा मनात खेळून पाहिलंय. बहुतेक काहीच झालं नसतं. शेठ चिडले असते, दुपारी चहा आला की विसरले असते. पण मला त्या वेळी असं वाटलं की उपकाराची फेड म्हणजे हेच, आणि मी यंत्र चालू केलं.

गोंद चांगला होता, मीच निवडला होता. हवा फिरवत फिरवत पट्टी सुटत आली आणि डाव्या कोपऱ्यात अडकली. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मी घाई केली, आणि कागद फाटला. काकींच्या नावाचं पहिलं अक्षर खोक्यावरच राहिलं. मी ते खोकं बाकीच्यांच्या खाली, ती बाजू भिंतीकडं करून ठेवलं. पट्टी ठेवायला जागा दिसेना. शेवटी स्क्रूंच्या डबीवर ठेवली, ड्रॉवरमध्ये.

वितरकाचा माणूस मोजायला लागला. पाच झाली असतील, तेवढ्यात दारात काका.

ते नेहमीसारखे बाहेर उभे राहिले. कपाट रिकामं. खोकं काचेत ठेवल्यापासून पहिल्यांदाच ते आत आले.

"खोकं कुठं रं?"

शेठनी माझ्याकडं पाहिलं. वितरकाच्या माणसानं मोबाईल खाली करून काकांकडं पाहिलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "आत ठेवलंय काका. इथं फार धूळ बसते, पट्टी मळेल."

काकांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस. तुला काळजी हाय."

मी त्यांना धरूनच बाहेर नेलं, चहाला. चहाच्या गाडीवर ते म्हणाले, "भाव पडला म्हणं रं? पोरं सांगत व्हती." मी होय म्हणालो. ते म्हणाले, "पडू दे. आपल्याला कुठं विकायचा हाय." आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत. मी परत दुकानात आलो तेव्हा सगळी खोकी मोजून झाली होती.

दुपारी मी पट्टी परत लावली. पहिलं अक्षर खोक्यावर आणि बाकीचं नाव पट्टीवर, ते जुळवायला मला दीड तास लागला. जुळलं नाही. अक्षर थोडं खाली राहिलं. त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. लांबून कळत नव्हतं.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मी सुट्टी घेऊन ते खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून गावात नेलं. मैदानावर मंडप होता, त्यात टेबलावर बक्षिसं मांडलेली. पहिले दोन दिवस समालोचक जुनीच किंमत वाचत होता, कारण त्याच्या कागदावर तीच होती. तिसऱ्या दिवशी अंतिम सामन्याआधी त्यानं परत सुरू केलं, "मालिकावीरासाठी, व्हिडिओ गेम, किंमत रुपये..." आणि बांधावर बसलेली पोरं ओरडली, "ओ दादा, मागच्या आठवड्याचा पेपर वाचताय काय! पाच हजारांनी उतरलाय!" दुसरा म्हणाला, "काकांना सेलच्या आधी चुना लागला!" हशा पिकला. समालोचकही हसला आणि माईकवरच म्हणाला, "काका, बाजार पडला, आता करायचं काय?" आणि ती ओळ अर्धीच सोडून पुढच्या कूलरवर गेला.

नाव राहिलं.

काका मंडपात पहिल्या रांगेत होते. ते उठले. धोतर सावरत स्टेजकडं गेले, माईकजवळ वाकून बोलले, पण माईक चालू होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं. "किंमत वाचू नको रं. नाव वाच."

समालोचकानं कागद परत वर घेतला आणि वाचलं. पूर्ण नाव, सावकाश. भोंग्यातून ते नाव शेतावरून पलीकडं, नदीच्या अंगाला गेलं. मी टेबलामागं उभा होतो, खोकं माझ्यासमोर होतं, आणि त्या नावाचं पहिलं अक्षर चिकटपट्टीखाली वाकडं बसलेलं मला सोडून कुणाला दिसत नव्हतं.

बक्षीस द्यायच्या वेळी काकांनी ते दोन्ही हातांनी उचललं. फोटोसाठी ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मालिकावीर पोरगा दुसऱ्या बाजूनं धरून. तेव्हा काकांचा अंगठा पट्टीवरून सरकला. चिकटपट्टीच्या कडेला थांबला. परत मागं गेला, परत थांबला. त्यांनी खाली पाहिलं नाही. फोटो झाल्यावर माझ्याकडं पाहिलं, आणि मग त्या पोराला म्हणाले, "जपून ने. वरची पट्टी काढू नको."

सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी काका ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. काकी गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात, आणि वालाला ते फार वेळ लावतात. मी समोर जाऊन बसलो आणि दोन-चार वाल सोलले. माझ्या हातून दाणे मोडत होते.

ते म्हणाले, "मोडू नको. बोल काय ते."

मी सगळं सांगितलं. मेसेज, मोजणी, नंबरचा रिकामा रकाना, शेठ काय म्हणाले, मी काय म्हणालो नाही. दुकानाला त्यांच्या खोक्यावर दोन्हीकडून पैसे मिळाले, त्यांच्याकडून पूर्ण किंमत आणि कंपनीकडून फरक, हेही. ते पैसे माझ्या पगारातून देतो म्हटलं तेव्हा त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला.

त्यांनी सोललेले दाणे वाटीत सारले. मग त्यांनी विचारलं, "तो माणूस मोजत व्हता तवा पट्टी कुठं व्हती?"

"ड्रॉवरमध्ये. स्क्रूंच्या डबीवर."

"नाव वर व्हतं का खाली?"

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि तेच मला द्यायचं नव्हतं. गोंदाची बाजू खाली ठेवली असती तर ती डबीला चिकटली असती. म्हणून मी ती उलटी ठेवली होती.

"खाली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आणखी दोन वाल सोलले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिवशी दुकानात मी तुला 'बरं केलंस' म्हटलं व्हतं."

"हो काका."

"ते परत घेतो मी."

यापेक्षा ते ओरडले असते, खोली सोड म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं. मी त्याची मनात तयारीही केली होती, ट्रंक आवरून ठेवली होती. हे असं कुणी काही परत घेऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी रडलो, आणि रडतोय याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला सांगितलंस ते शेठला सांगू नको. उगीच तुला काढतील." आणि उठून आत गेले. अर्ध्या तासानं आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. हाक आली नाही. मी आपणहून जाऊन बसलो. वालाची आमटी काकींसारखी झाली नव्हती, पण तसं आम्ही दोघंही म्हणालो नाही.

मी अजून त्याच खोलीत राहतो आणि त्याच दुकानात काम करतो. शेठ बदललेले नाहीत, माझ्याशी चांगलेच वागतात, आणि त्यांना यातलं काही आठवत असेल असं मला वाटत नाही. बिलावरचा नंबरचा रकाना मी आता कधी रिकामा सोडत नाही. शेठना वाटतं, पोरगं कामात पक्कं झालं.

या वर्षी स्पर्धा लागल्या तेव्हा काकांनी कूलर दिला, लोखंडी. घेतला दुसऱ्या कुठल्या दुकानातून, मला न विचारता, आणि टेंपोतून सरळ घरी आणला. आठ दिवस तो मधल्या खोलीत गोधडीखाली होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी तो अंगणात काढला, लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणला आणि पुठ्ठ्यात अक्षरं कापून घेतलेला साचा आणला. छापील पट्टी नव्हती. मी सायकल काढून दुकानात निघालो होतो.

"ए पोरा," ते म्हणाले. "हिकडं ये. हे धर."

मी सायकल भिंतीला लावली आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी पत्र्यावर दाबून धरला. त्यांनी ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला निपटला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. दुकान उघडायची वेळ होऊन गेली. माझ्या खिशात फोन वाजत होता, शेठचाच असणार.

"हलू नको," काका म्हणाले.

मी हललो नाही.